मराठी लघुपटातला अंधार

मराठी लघुपटात भूत क्वचितच दिसतं. नारायण धारप, रत्नाकर मतकरींच्या भयकथा आणि जी. ए. कुलकर्णींच्या काळोख्या कथा हाताशी असूनही या शतकातल्या दखलपात्र लघुपटांतली अस्वस्थता घरातून, शाळेतून, गावकीतून येते. मेक्सिकोची वाट वेगळी आहे. ‘मेहिको बार्बारो’ (२०१४) या आठ दिग्दर्शकांच्या भयलघुपटांच्या संकलनात तिथल्या दंतकथा उघड रक्तपातासह येतात. मराठीतली भयाची जुनी परंपरा मोठ्या पडद्यावर ठळकपणे आली तीही हिंदीतून: राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने (२०१८) धारपांच्या कथेतून प्रेरणा घेतली.

उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’त आईने घर चालवायला पिठाची गिरणी आणली आहे. सुरुवातीचं मुलाचं कुतूहल ओसरतं आणि यंत्राची घरघर त्याचं बालपण व्यापते. इथे खलनायक कुणीच नाही, म्हणून लघुपट जास्त बोचतो.

नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ला ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा सन्मान मिळाला. शाळेची ओढ असलेल्या पारधी मुलामागे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची सावली आहे. कायदा गेला, संशय उरला. ‘पावसाचा निबंध’ (२०१७) मात्र कारागिरीत बराच पुढचा. गुरुजींना पावसाच्या सौंदर्यावर निबंध हवा आहे आणि मुलाच्या घरात छप्पर गळतंय, बाप दारू पिऊन बाहेर पडलाय. मंजुळे हा विरोध संवादातून सांगत बसत नाहीत. पाऊस थांबतच नाही, आणि हिरव्या डोंगरांची देखणी दृश्यं हळूहळू असह्य होत जातात. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुयश शिंदे यांचा ‘मयत’ सर्वोत्कृष्ट कथात्मक लघुपट ठरला. त्यात अंत्ययात्रेत उधळलेल्या पैशांवर पोट भरण्याची वेळ येते.

राज प्रीतम मोरे यांच्या ‘खिसा’त मुलाच्या सदऱ्याला शिवलेला मोठा खिसा गावातल्या मोठ्यांना खुपू लागतो. इतक्या क्षुल्लक गोष्टीतून धाक उभा करणं अवघड असतं. इथे ते साधलं आहे.

यातले बहुतेक लघुपट लहान मुलाच्या डोळ्यांतून पाहतात, आणि आता ही सवय झाली आहे. निष्पाप नजर प्रेक्षकाला हळवं करते, पण त्याला दोषातून मोकळंही सोडते.

बीड जिल्ह्यातल्या वडवणी, धारूर, केज भागातून दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांची गोष्ट या नजरेत मावणारी नाही. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाने आगाऊ दिलेली उचल आधीच खर्चलेली असते, एक दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात. याच जिल्ह्यातल्या तोडणी कामगार बायकांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न २०१९मध्ये गाजला आणि शासनाला समिती नेमावी लागली. बातमी आणि माहितीपट आकडे मांडू शकतात. कथात्म लघुपटाने ही गोष्ट मुकादमाच्या किंवा शस्त्रक्रियेचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरच्या बाजूने, शांतपणे, हिशेबाच्या सुरात सांगितली तर ती कुठल्याही भुतापेक्षा भयंकर होईल.