निकालाचा फ्लेक्स

आमच्या गावात बैल घेताना माणसं दात बघतात, चालवून बघतात, खांद्यावरनं हात फिरवतात. हायस्कूल मात्र कुणी असं पारखत नाही. तिथं एकच बघायचं, दहावीचा निकाल. तो लागला की एस.टी. स्टँडसमोर फ्लेक्स झळकतो. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो मोठे, पोरापोरींचे बारके, आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के निकालाची परंपरा’. पारावरची माणसं वाचतात न् म्हणतात, “शाळा चांगली चाललीया.”

मी याच शाळेत शिकलो. भावाची पोरंही तिथंच शिकली. म्हणून या वाक्याबद्दल चार शब्द बोलायचे आहेत.

आधी आकड्यांचं बघू. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ ला भाषा विषयांचे शाळेच्या हातातले तोंडी परीक्षेचे गुण बंद होते. त्या वर्षी निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० ला ते गुण परत आले, शिवाय कोरोनामुळं भूगोलाचा पेपर रद्द झाला, निकाल ९५.३० टक्के. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही आणि ९९.९५ टक्के पोरं पास झाली. आता राज्यातली पोरं एका वर्षात बारा टक्क्यांनी ढ झाली आणि पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांनी हुशार झाली, असं कुणी म्हणेल का? वर्ग तेच, शिकवणारे तेच, बाकडीही तीच. माप तेवढं बदललं होतं.

शंभर टक्के कसे भरतात, हेही गावाला ठाऊक आहे. फ्लेक्सवर ते येत नाही एवढंच. नववीच्या शेवटी काही पालकांना शाळेतनं बोलावणं जातं. आमच्या भावकीतल्या एका वहिनींनाही गेलं. त्यांचा पोरगा गणितात कच्चा. ‘दाखला घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरनं बसवा,’ असं त्यांना समजावण्यात आलं. असा विद्यार्थी खाजगी म्हणून मोजला जातो, शाळेच्या निकालात तो धरत नाहीत. वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, शाळंत असून त्यो पास हुईना, तर शाळंबाहीर राहून कसा हुईल?” फॉर्म भरायचा राहिला तो राहिलाच. पोरगा आता सेंटरिंगच्या कामावर जातो. त्याच्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला.

सतरा नंबरचा फॉर्म वाईट नाही. लवकर लग्न झालेल्या पोरींना, कामाला लागलेल्या पोरांना त्यानं पुन्हा परीक्षेला बसायची संधी दिली. शिक्षणात परत यायची ती वाट होती. तिचाच उपयोग नको असलेलं पोर बाहेर घालवायला व्हावा, हे मला खुपतं.

निकालापलीकडं शाळेनं जे द्यायचं, त्याचीही तीच तऱ्हा. आमच्या वेळी सगळं सोनं होतं असं नाही. छडीनं हात सुजायचे, आणि सातवीनंतर वर्गातल्या पोरी एकेक करून कमी व्हायच्या. आज वर्गात पोरी बरोबरीनं दिसतात, ही मोठी कमाई. पण आमचे मराठीचे सर शनिवारी कपाट उघडून पुस्तकं वाटायचे आणि सोमवारी विचारायचे, “काय वाचलंस, सांग.” तेच कपाट गेल्या वर्षी बघितलं. कुलूप गंजलेलं. पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार, म्हणून ती मुलांच्या हाती जातच नाहीत.

गॅदरिंगला तालुक्याहून डान्स शिकवणारा येतो. भाड्याच्या ड्रेसचे पैसे ज्याला जमतात तो स्टेजवर, ज्याला जमत नाहीत तो खाली टाळ्या वाजवायला. त्याच पोराच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, बाप भजनात पखवाज वाजवतो. शाळेनं ते कधी मागितलं नाही. उलट ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणालं की सगळा वर्ग हसतो, शिकवणारेही हसतात, आणि पोर वर्षभर तोंड उघडत नाही.

सगळा दोष शिक्षकांच्या माथी मारणं बरोबर नाही. जागा रिकाम्या, तिथं तासिका तत्त्वावरची माणसं तुटपुंज्या पैशात राबतात. जे कायम आहेत, त्यांच्या मागं निवडणुकीची कामं न् ऑनलाइन माहिती भरणं. तरी विज्ञानाच्या बाई प्रत्येक पोराच्या हातानं प्रयोग करून घेतात. लिंबाच्या रसात निळा लिटमस तांबडा झाला की मागच्या बाकावरचंसुद्धा पुढं धावतं. बाईंचा तास कुणी चुकवत नाही. ही बाब फ्लेक्सवर कुठल्या रकान्यात घालायची?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह सुरू केलं. ज्यांच्या घरात पाटी-पुस्तक नव्हतं, त्यांना शाळेत आणायचं हा त्यांचा ध्यास. त्या मापानं मोजायचं तर हिशेब सोपा आहे. आठवीच्या पटावर किती नावं होती, त्यातली दहावीला किती बसली, आणि मधली कुठं गेली?

पालकसभेत मी हा आकडा मागितला. “रजिस्टर बघून सांगतो,” असं उत्तर मिळालं. पुढच्या सभेला पुन्हा विचारणार आहे. वहिनीही येतो म्हणाल्यात.