लॉन चेनी : हजार चेहरे आणि एक हसू

लॉन चेनीचं नाव निघालं की चर्चा लगेच रंगभूषेवर जाते. 'हजार चेहऱ्यांचा माणूस' ही त्याची ख्याती, आणि ती काही खोटी नाही. १९२३ चा क्वासिमोडो बघा, १९२५ चा फँटम बघा. हे चेहरे त्याने स्वतःच्या हाताने घडवले. पण आपण रंगांच्या पेटीकडेच बघत बसलो तर त्यातला नट हातून निसटतो, असं आमचं म्हणणं आहे.

चेनीचे आईवडील दोघंही बहिरे होते. घरात बोलणं चालायचं ते हातांनी आणि चेहऱ्याने. शब्दांवाचून सांगणं ही त्याची घरचीच भाषा होती.

'फँटम ऑफ द ऑपेरा'मध्ये एरिक ऑर्गन वाजवत बसलाय. क्रिस्टीन मागून येते आणि मुखवटा ओढते. तो चेहरा आधी आपल्याला दिसतो, तिला नंतर. दचकतो आपण, हे खरं. पण नीट बघा, त्याचाही जबडा उघडा पडलाय. उघडं पडण्याची भीती त्यालाही आहे. ही भीती रंगाने येत नाही, ती अभिनयाने येते.

आता १९२७ चा टॉड ब्राउनिंगचा 'द अननोन' घ्या. इथे भेसूर रंगभूषा जवळपास नाहीच. अलोन्झो सर्कशीत हात नसल्याचं सोंग करून पायांनी सुऱ्या फेकतो. नॅनॉनला पुरुषांच्या हातांचा तिटकारा, म्हणून तिच्यासाठी तो खरोखरच हात कापून घेतो. परत येतो तर तिची भीती गेलेली आणि ती दुसऱ्याच्या मिठीत. तेव्हा चेनी हसतो. हसू वाढत जातं, फाटतं, आणि त्याचं रडणं कधी झालं ते कळत नाही. आमच्या मते, चेनीचा सगळ्यात भयंकर चेहरा हाच.

पण इथे एक हिशेब चुकता करायला हवा. या चित्रपटातल्या काही दृश्यांत दिसणारे पाय चेनीचे नाहीत. ज्याला खरोखरच हात नव्हते अशा एका कलावंताचे आहेत. कसब त्याचं, चेहरा चेनीचा. व्यंग म्हणजे भय, हे समीकरण या चित्रपटांनी पक्कं केलं आणि ज्यांच्या वाट्याला ते व्यंग खरंच आलं, त्यांना चौकटीबाहेर ठेवलं. चेनीच्या अभिनयात त्या माणसांबद्दल करुणा आहे, यात शंका नाही. पण करुणा म्हणजे जागा देणं नव्हे.

तेव्हा 'द अननोन' जरूर बघा. चेनीच्या हसण्याला दाद द्या, आणि पाय सुरी उचलतील तेव्हा, ते कुणाचे आहेत हेही विचारा.