व्हर्नची साक्ष

आमच्या वाचन-बैठकीत मध्यंतरी एका ज्येष्ठ सभासदांनी पाण्यावर चालणाऱ्या इंजिनाचा विषय काढला. अशाच एका यंत्रात त्यांनी पूर्वी पैसे गुंतविले होते. पैसे बुडाले, श्रद्धा मात्र शाबूत. साक्षीला त्यांनी ज्यूल व्हर्नला उभे केले. साक्षीदाराची उलटतपासणी व्हावी, म्हणून १८७५ची ‘मिस्टीरियस आयलंड’ पुन्हा वाचली.

निर्जन बेटावर अडकलेली मंडळी कोळसा संपल्यावर जगाचे काय होईल, यावर बोलत बसली आहेत. अभियंता सायरस स्मिथ सांगतो, की लोक पाणी जाळतील. विजेने त्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे करून. खलाशी पेनक्रॉफला ते पाहण्याची हौस. नॅब त्याला म्हणतो, की तुझा जन्मच फार लवकर झाला. एवढ्यात टॉप कुत्रा भुंकू लागतो आणि संवाद तुटतो. ती वीज आणायची कोठून, हे विचारायचे राहूनच जाते. प्रसंगाचा सारा डौल या न विचारलेल्या प्रश्नावर उभा आहे. ही लबाडी म्हणावी, तर ती कथाकाराला शोभणारीच.

परंतु उत्तर त्याच कादंबरीत आहे. काही प्रकरणांनंतर हाच स्मिथ बेटावर तारयंत्र उभारतो, तेव्हा विजेसाठी त्याला जस्त, नायट्रिक आम्ल आणि पोटॅश लागते. जस्त झिजते, तेव्हा कोठे वीज मिळते. पाणी ही तर हायड्रोजन जळून उरलेली राख. एक लिटर पाणी फोडण्यास सुमारे ४.४ युनिट ऊर्जा खर्ची पडते, आणि ते वायू पुन्हा जाळून त्याहून अधिक काही हाती येत नाही. इंजिनात तर त्यातलीही बरीचशी वाया जाते.

अमेरिकेतील स्टॅन्ली मेयरच्या यंत्राची तज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा त्यात पाण्याचे नेहमीचे विद्युत्-विघटनच आढळले. १९९६ साली ओहायोच्या न्यायालयाने ती फसवणूक ठरवून दोन गुंतवणूकदारांचे २५,००० डॉलर परत करण्यास फर्मावले. त्याच वर्षी तमिळनाडूचा रामर पिल्लई पाण्यात वनस्पती उकळून पेट्रोल काढतो म्हणून गाजला. २०१६ मध्ये त्याला शिक्षा झाली. व्हर्नने जी जागा कथेसाठी कोरी सोडली, तीच या मंडळींनी विकायला काढली.

पुढल्या बैठकीत जस्ताचा तो भाग मी मोठ्याने वाचून दाखविला. आमच्या ज्येष्ठ सभासदांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आणि भाषांतर कोणाचे, एवढेच विचारले.