रंगांची बाग, कीं काळाची?

गर्ट्रूड जेकिल या विदुषींचें ‘कलर इन द फ्लॉवर गार्डन’ हें १९०८ सालचें पुस्तक रंगयोजनेसाठीं नांवाजलें गेलें; आमच्या मतें त्याचा खरा विषय काळ हा आहे. बाई मूळच्या चित्रकार. दृष्टि अधू झाल्यावर बागेकडे वळल्या. सरे परगण्यांतील मन्स्टेड वुड येथील त्यांचा ताटवा सुमारें २०० फूट लांब. टोकांस निळ्या-करड्या छटा, मध्यें तांबडा-नारिंगी वणवा. वाचक एवढ्यावरच लुब्ध झाला तर फसेल. डेल्फिनियमचा बहर ओसरला कीं त्याच्या उघड्या काड्यांवर त्या पांढऱ्या फुलांची वाटाण्याच्या जातीची वेल चढवीत, तीहि ओसरली कीं क्लेमॅटिस ओढून घेत. उरल्या खिंडारांत फुललेल्या कुंड्या बसवीत. सारें मर्म येथें आहे! मात्र यामागें किती हात राबत असतील, याचा वाचतांना विसर पडतो, हा ग्रंथाचा मोठाच दोष होय. स्वतः अंगण झाडणाऱ्या गृहिणीनें २०० फुटांचा हव्यास धरूं नये. बाईंच्या वनस्पतींच्या याद्याहि आपल्या पाऊस-उन्हांत फारशा उपयोगी नाहींत. त्यांची रीत तेवढी घ्यावी: तेरडा उपटल्यावर मोकळी होणारी जागा शेवंतीसाठीं आधींच योजावी, आणि तोंवर शेवंतीचीं रोपें कुंड्यांत वाढवावींत.