नकार देणारं कोणी हवं

१९८५ साली व्ही. शांताराम यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. आपल्याकडे अशा पुरस्काराचा अर्थ ठरलेला असतो: शाल-श्रीफळ घ्या आणि आता स्वस्थ बसा. शांतारामबापू बसले नाहीत. १९८७ साली, पंच्याऐंशीव्या वर्षी, नातू सुशांत रे याला नायक करून त्यांनी ‘झंझार’ पडद्यावर आणला. या चित्रपटाचं नाव काढलं की बापूंचे निस्सीम चाहतेही विषय बदलतात.

थोर दिग्दर्शकांनी वेळेत थांबावं असं म्हणणाऱ्यांच्या हातात हा आयताच पुरावा. पण ‘पिंजरा’ (१९७२) आला तेव्हा बापू सत्तरीचे होते, आणि त्याआधीच्याच वर्षी त्यांनी ‘जल बिन मछली नृत्य बिन बिजली’ हा भडक आणि पोकळ हिंदी चित्रपट केला होता. तोच माणूस, तेच वय, नायिका संध्याच. मग फरक कशाने पडला?

‘पिंजरा’मागे ‘द ब्लू एंजल’ या १९३०च्या जर्मन चित्रपटाचा भक्कम सांगाडा होता. तो तमाशाच्या फडात आणताना संवादांना शंकर पाटलांची गावरान धार मिळाली, गाण्यांना जगदीश खेबुडकर आणि राम कदम लाभले. रंगभूमीवर तावून सुलाखून निघालेले डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले समोर उभे. ही मंडळी नुसती माना डोलावणारी नव्हती; प्रत्येकाचं स्वतःचं वजन होतं. आदर्श मास्तर हातात तुणतुणं घेऊन उभा राहतो आणि शेवटी स्वतःच्याच खुनाबद्दल फासावर जातो, तेव्हा बापूंची जुनी बोधप्रियता प्रथमच स्वतःवर उलटते. पन्नाशीच्या आत हे त्यांना जमलं असतं असं मला वाटत नाही.

पूर्वी ‘प्रभात’ कंपनीत बापूंसोबत दामले, फत्तेलाल असे तोलामोलाचे भागीदार होते. ‘कुंकू’ आणि ‘माणूस’ त्या काळातले. १९४२नंतर ‘राजकमल’मध्ये स्टुडिओ त्यांचा, पैसा त्यांचा, अखेरचा शब्द त्यांचा. तिथेही ‘दो आँखें बारह हाथ’ झाला, हे खरं. पण वय वाढत गेलं तसं ‘बापू, हे नको’ म्हणणारं माणूस आसपास उरलं नसावं, असं ते शेवटचे चित्रपट पाहताना सारखं जाणवतं.

फाळक्यांची गोष्ट वेगळी आणि अधिक क्रूर. ‘गंगावतरण’ हा त्यांचा बोलपट १९३७चा, कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला, वय सदुसष्ट. आदल्याच वर्षी ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ आला होता. इथे म्हातारपणापेक्षा माध्यमाने घेतलेली उडी मोठी होती. चमत्कारदृश्यांचा हा जादूगार, आणि पडद्याला आता बोलणारी माणसं हवी होती.

नकार नेहमी माणसाकडूनच यावा असं नाही. १९८३ साली ‘घरे-बाइरे’च्या काळात सत्यजित राय यांना हृदयविकाराचा झटका आला. मग काही वर्षांनी काम सुरू झालं ते डॉक्टरांच्या अटींवर: बाहेरचं चित्रीकरण जवळजवळ बंद, स्टुडिओतल्या खोल्यांत काय ते करा. ‘गणशत्रू’ (१९८९) त्या अटीखाली गुदमरतो. इब्सेनचं नाटक नाटकच राहतं, पात्रं उभी राहून मतं मांडतात. दोन वर्षांनी ‘आगंतुक’मध्ये राय यांनी अशी गोष्ट निवडली जी दिवाणखान्यातच घडू शकते. पस्तीस वर्षांनी उगवलेला मामा खरा की तोतया, हा संशय सोफ्यावर बसूनच घ्यायचा असतो. उत्पल दत्त बोलत राहतात, कॅमेरा फारसा हलत नाही, आणि ‘सुसंस्कृत कोण’ हा प्रश्न चहाच्या कपांमधून फिरत राहतो. आजारपणाने घातलेली मर्यादा इथे शैली झाली.

कुरोसावांना नकार दिला पैशाने. ‘डोडेस्काडेन’ (१९७०) पडला, पुढच्या वर्षी त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. ‘रान’साठी भांडवल मिळेना, तेव्हा ते वर्षानुवर्षं त्याची दृश्यं रंगवत बसले. अखेर फ्रान्समधून निर्माता मिळाला आणि १९८५ साली, पंचाहत्तरीत, चित्रपट पूर्ण झाला. त्या सक्तीच्या वाट पाहण्यामुळे असेल, ‘रान’मध्ये एकही चौकट सैल नाही. गंमत म्हणजे त्याची कथाच निवृत्तीची आहे: म्हातारा सरदार सत्ता मुलांना देतो, मान मात्र सोडत नाही, आणि सगळ्याचा विध्वंस होतो.

निवृत्तीच्या जाहीर घोषणांवर मी विश्वास ठेवणं सोडलं आहे. ‘फॅनी अँड अलेक्झांडर’नंतर (१९८२) सिनेमाचा निरोप घेतलेल्या बर्गमनने पंच्याऐंशीच्या उंबरठ्यावर ‘सराबांद’ केला. मियाझाकी तर २०१३ साली निवृत्त झाले होते. २०२३ साली नवा चित्रपट घेऊन परतले. पोर्तुगालचे मनुएल द ओलिवेइरा यांनी या भानगडीत न पडता शंभरी ओलांडूनही काम केलं.

क्वेंटिन टॅरंटिनो मात्र दहा चित्रपटांवर थांबणार म्हणतो. म्हातारपणीचे फसलेले चित्रपट नावाला बट्टा लावतात, असं त्याचं गणित. हे गणित कपाटात ओळीने लावलेल्या डीव्हीडींचं आहे. जॉन ह्यूस्टनने ते मानलं असतं तर तो कितीतरी आधी घरी बसला असता. त्याऐवजी त्याने चाकांच्या खुर्चीत बसून, ऑक्सिजनच्या नळीच्या आधाराने ‘द डेड’ पूर्ण केला. १९८७ साली तो प्रदर्शित होण्याआधीच ह्यूस्टन गेला. असा एक चित्रपट मिळणार असेल तर दहा पडेल चित्रपट सोसायला माझी हरकत नाही.