अधांतरी थांबणं

हेलिकॉप्टरच्या आरंभकाळाची छायाचित्रं बघताना नजर आपोआप वरच्या मोठ्या पंख्याकडे जाते. माझ्या मते ती खाली, चाकं आणि जमीन यांच्यामधल्या फटीकडे जायला हवी. त्या फटीत कोण उभं आहे आणि काय बांधलेलं आहे, हे पाहिलं की चित्र बोलायला लागतं.

१९०७ सालचं उत्तर फ्रान्समधलं दुए घ्या. लुई आणि झाक ब्रेगे या भावांनी प्राध्यापक शार्ल रिशे यांच्या साथीनं एक अवाढव्य सांगाडा उभा केला. मध्ये इंजिन आणि चालक, चार दिशांना चार लांब हात, प्रत्येक हाताच्या टोकाला आठ मीटर व्यासाचा पंखा. रिशे मुळात शरीरक्रियाशास्त्राचे माणूस, पुढे १९१३ मध्ये त्यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. हे यंत्र माणसाला घेऊन साधारण दोन फूट वर उचललं गेलं आणि जवळजवळ मिनिटभर वर राहिलं. पण चारही कोपऱ्यांना चार माणसं त्याला सावरून उभी होती. यंत्राला वळवण्याची, तोल राखण्याची काहीच सोय नव्हती. तो तोल त्या चौघांच्या दंडांत होता. यंत्रापेक्षा मला ही माणसं अधिक महत्त्वाची वाटतात. शोधाचा जो भाग अजून लागायचा होता, तिथे ती उभी होती.

त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला नॉर्मंडीत लिझ्यूजवळ पॉल कॉर्नू या सायकलवाल्या कारागिरानं आपलं यंत्र उचललं. त्याच्या छायाचित्रात सगळी सायकलच दिसते. खाली चार चाकं, दोन्ही टोकांना आडवी मोठी आऱ्यांची चाकं, त्यांना वल्ह्यांसारखी रुंद पाती, पंखे फिरवायला पट्टा, आणि मधोमध इंजिनाशेजारी स्वतः कॉर्नू. २४ अश्वशक्तीचं इंजिन. जमिनीपासून फूटभर उंची, वीस सेकंद, अशी त्या दिवसाची नोंद सांगतात. एवढ्या ताकदीत ते खरोखर तरंगलं असेल का, अशी शंका पुढच्या अभियंत्यांनी गणित मांडून घेतली आहे. ती शंका रास्त आहे. तरीही हे छायाचित्र मला फार आवडतं, कारण त्यात एक माणूस हाताशी असलेल्या ज्ञानानिशी आकाशाला भिडलेला आहे. कॉर्नूला पुढे पैसा मिळाला नाही, तो आपल्या कामाकडे वळला, आणि १९४४ च्या जूनमध्ये लिझ्यूवर झालेल्या बॉम्बवर्षावात त्याचा अंत झाला.

ही छायाचित्रं नीट वाचायला मला शिकवलं ते नागझिऱ्याच्या तळ्यानं. गोंदिया जिल्ह्यातलं हे जंगल १९७० मध्ये अभयारण्य झालं, २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे. येणारा प्रत्येक जण वाघाच्या वाटेकडे डोळे लावून असतो. मी मात्र काठावर कवड्या खंड्याची वाट बघतो. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा हा पक्षी पाण्यावर काही मीटर उंचीवर येतो आणि हवेत उभा राहतो. अंग जवळजवळ उभं, चोच सरळ खाली, पंख इतके भरभर की त्यांची कड डोळ्याला सापडत नाही. पण डोकं बघा. वाऱ्याची झुळूक येते, शेपूट पसरते, अंग हलतं, पंखांचा कोन बदलतो, डोकं मात्र आपल्या जागी. खालचा मासा नजरेतून सुटून चालणार नाही ना! वर राहण्यासाठी लागणारं बळ हे त्याच्या कामातलं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे क्षणाक्षणाला केलेली ही बारीक दुरुस्ती. दुएच्या त्या चार माणसांचं काम हा पक्षी एकटा करतो.

ही गोष्ट फार आधी ओळखणारा एक माणूस होता, एत्येन एमिशेन. प्यूजो कंपनीतला अभियंता. त्यानं १९२० मध्ये पक्ष्यांना गुरू मानणारं एक पुस्तकच लिहिलं. त्याच्या यंत्रावर उचलण्यासाठी चार मोठे पंखे होतेच, शिवाय तोल, दिशा आणि गती यांसाठी आठ छोटे पंखे वेगळे लावलेले. दिसायला गुंतागुंतीचं, पण आज आपल्याला त्यात मोठी जाण दिसते. उचलणं आणि सावरणं ही दोन स्वतंत्र कामं आहेत, हे त्या रचनेत उघड लिहिलेलं आहे. ४ मे १९२४ रोजी हे यंत्र एक किलोमीटरचं वर्तुळ पुरं करून निघालं तिथेच परतलं. लागली सात मिनिटं चाळीस सेकंद. चालत्या माणसाच्या थोडाच पुढचा वेग, पण बाहेरून कोणाचा हात नाही.

जंगलातला दुसरा धडा उन्हाळ्यात मिळतो. या भागातल्या भिर्ऱ्याचं फळ वाळून उकलतं, आतल्या प्रत्येक बीला एकाच बाजूला कागदासारखा पातळ पंख असतो. वजन एका टोकाला, पंख दुसऱ्या टोकाला, म्हणून ते सरळ पडत नाही, गिरक्या घेत उतरतं. त्याला ना इंजिन, ना स्नायू. पडण्यातूनच फिरणं निर्माण होतं आणि फिरण्यानं पडणं मंदावतं. इंग्लंडमध्ये जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये मेपलच्या जातीच्या झाडाचं असंच बी पाहून वहीत टिपून ठेवलं होतं. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांनी १९२३ मध्ये उडवलेल्या ऑटोजायरो या यंत्राचा वरचा पंखा इंजिनाशिवाय, नुसत्या वाऱ्यावर फिरायचा. त्यांनी पात्याच्या मुळाशी बिजागरी बसवली आणि प्रत्येक पातं वर-खाली हलायला मोकळं केलं. आज हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तर वैमानिक पात्यांचा कोन कमी करून खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरता ठेवतो आणि उतरतो, ते याच तत्त्वावर.

आता १४ सप्टेंबर १९३९, अमेरिकेत कनेटिकटमधलं स्ट्रॅटफर्ड. इगोर सिकोर्स्की यांच्या व्हीएस-३०० हेलिकॉप्टरचं छायाचित्र. उघड्या नळ्यांचा सांगाडा, वर तीन पात्यांचा एकच पंखा, मागे लांब शेपटी आणि तिच्या टोकाला छोटा पंखा. मोठा पंखा एका बाजूला फिरला की यंत्राचं अंग उलट्या बाजूला फिरू बघतं. ब्रेगे आणि कॉर्नू यांनी त्यावर उलटसुलट फिरणाऱ्या पंख्यांचा उपाय केला होता, सिकोर्स्कींनी ते काम शेपटीवर सोपवलं. चालकाच्या जागी पन्नाशीचे सिकोर्स्की स्वतः, डोक्यावर फेल्ट हॅट. तिशीही उलटली नव्हती तेव्हा, १९०९-१० मध्ये कीव्हला, त्यांनी दोन हेलिकॉप्टर बांधली होती. दोन्हींनी माणसाला उचललं नाही. ते सगळं सोडून त्यांनी मोठी विमानं बांधली, देश सोडला, नव्या देशात कारखाना काढला, आणि तीस वर्षांनी पुन्हा त्याच प्रश्नापाशी येऊन बसले. त्यांच्या बसण्यात मला घाई दिसत नाही. चाकं जमिनीपासून जेमतेम सुटलेली, आणि यंत्र उलटू नये म्हणून त्याला खाली वजन बांधलेलं. बत्तीस वर्षांत चार माणसांच्या जागी वजन आलं, एवढीच प्रगती असं कोणी म्हणेल. मला ती फार मोठी वाटते. वजन फक्त उलटू देत नाही, सावरत नाही. सावरायचं काम आता आत बसलेल्या माणसाच्या मुठीत आलेलं होतं.

१३ मे १९४० ला बंधन सुटलं. त्याच सुमारास, १९४० मध्येच, ब्रिटिशांनी गोंदियाजवळ बिरसीला धावपट्टी बांधली, जिथे पुढे वैमानिक घडवणारी संस्था आली. स्ट्रॅटफर्डच्या यंत्राला धावपट्टीची गरजच नव्हती. मात्र एक अडचण होती: ते वर जाई, बाजूला जाई, मागे जाई, पुढे नीट जात नसे. फिरत्या पात्यांचा कोन प्रत्येक फेरीत बदलण्याची युक्ती आधीच्या रचनेत होती, पण ती जमेना, म्हणून सिकोर्स्कींनी ती काढून टाकली आणि शेपटीवर दोन आडवे पंखे वाढवले होते. त्यानं यंत्र आज्ञेत आलं, पण पुढे जाताना ते पंखे मुख्य पंख्याच्या झोतात सापडून डळमळत. मग दोनाचा एक केला. १९४१ च्या अखेरीस तोही काढला आणि कोन बदलण्याची ती पहिली युक्ती दुरुस्त करून परत बसवली. तेव्हापासून वर एक पंखा आणि शेपटीला एक, हीच ठेवण बहुतेक हेलिकॉप्टरांत चालत आली आहे. १९५४ मध्ये भारतीय हवाई दलात दाखल झालेलं पहिलं हेलिकॉप्टर, सिकोर्स्कींचंच एस-५५, याच घडणीचं होतं.