औषधकोशाचा वाचक कोण?

औषधांच्या संदर्भग्रंथाची समीक्षा वाङ्मयीन त्रैमासिकात कशाला, असे कोणी विचारील. पण ज्या ग्रंथातील एका ओळीवर रुग्णाचे दुखणे-खुपणे अवलंबून असते, तो कोणाला समोर ठेवून लिहिला गेला हे पाहणे समीक्षेचे काम नव्हे काय?

'नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया' हा शासकीय औषधकोश प्रथम १९६० साली निघाला. तिसरी आवृत्ती १९७९ ची. चौथीसाठी सुमारे तीस वर्षे थांबावे लागले. दरम्यान दुकानांच्या गल्ल्यांवर व्यापारी निर्देशिका येऊन बसल्या. १९७५ साली हाथी समितीने ब्रँडची नावे सोडून औषधे मूळ नावाने विकावीत असे सुचविले होते. निर्देशिका ब्रँडच्या नावांनीच फुगत गेल्या. शासकीय कोश त्यामानाने सरळ आहे. औषध मूळ नावाने येते, आणि नोंदीतला शब्द न् शब्द मोजलेला असतो. शिक्षक म्हणून मला त्या काटकसरीचा हेवा वाटतो. पण कोश काय, निर्देशिका काय, दोन्ही इंग्रजीत, आणि दोन्हींच्या नजरेसमोर फक्त डॉक्टर.

सिकलसेलचेच उदाहरण घ्या. नागपूरकडच्या महार समाजात हा रक्तदोष आढळल्याचे शुक्ला, सोळंकी आदी संशोधकांनी १९५८ साली जगासमोर मांडले. गोंड आणि इतर आदिवासींतही तो आहे. म्हणजे आमचे रक्त वैद्यकीय वाङ्मयात केव्हाच पोहोचले. आम्ही त्या वाङ्मयाचे वाचक कधी झालो?

माझ्या भाच्याला हायड्रॉक्सियुरिया लिहून दिले. उमरेडच्या एका दुकानात भाऊजींनी "हे कशाचं?" म्हणून विचारले. दुकानदाराने निर्देशिका उघडली. औषध कर्करोगाच्या प्रकरणात निघाले. रात्री ताई घरी आली. "दादा, हे तं कॅन्सरचं औषध आहे म्हणते. पोराले कॅन्सर झाला का?" दोन महिने गोळी बंद राहिली. पोर वेदनेने तळमळत राहिले.

निर्देशिका खोटे बोलली नव्हती. हे औषध आधी कर्करोगासाठीच वापरात आले. सिकलसेलमध्ये ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते, त्यामुळे पेशी विळ्यासारख्या वाकणे कमी होते आणि वेदनेचे झटके कमी होतात. अमेरिकेत प्रौढ रुग्णांसाठी त्याला १९९८ साली मान्यता मिळाली. रक्तपेशींची संख्या वेळोवेळी तपासावी लागते, गर्भारपणात ते टाळतात. एवढे चार ओळींत मराठीत सांगता येते. डॉक्टरला जी वर्गवारी सोयीची, ती रुग्णाच्या घरात दहशत होऊन शिरते, आणि हे कोशकाराच्या ध्यानीमनी नसते. कारण रुग्ण त्याच्या लेखी वाचकच नाही! आशाताई, नर्स, कंपाउंडर हेही आरोग्यसेवकच ना? त्यांनाही ही पाने बंदच.

कोश सोपा करून बिघडवा, असे माझे म्हणणे नाही. पण २०२३ साली केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. तेव्हा प्रत्येक गोळीसोबत मराठी-गोंडीतली नोंद मागणे हा हट्ट म्हणता येणार नाही.

ताईसाठी मी तशी एक नोंद लिहून नागपूरच्या एका डॉक्टरांना दाखविली. मी लिहिलेला डोस त्यांनी खोडला. तो मुलाच्या वजनावर ठरतो म्हणाले. खाली रक्ततपासणीच्या तारखांसाठी जागा सोडायला सांगितली. ती मी आखून घेतली.